ठरलेला महिना, ठरलेली संख्या : ऑनलाइन सर्जनशील आव्हानांतून मराठीच्या हाती काय लागले?

एका महिन्यात कादंबरीचा पहिला खर्डा, एकतीस दिवसांत एकतीस रेखाचित्रे, शंभर दिवसांत विश्वकोशातील शंभर नोंदी. अशा स्वरूपाची सर्जनशील आव्हाने गेल्या पंचवीस वर्षांत इंटरनेटवर चांगलीच रुजली आहेत. सहभागी व्यक्तीने मुदत आणि संख्या आधी जाहीर करायची व झालेले काम सर्वांसमोर ठेवायचे, एवढाच त्यांचा ढोबळ नियम असतो. भारतीय भाषांमध्ये, आणि त्यात मराठीतही, झालेल्या अशा उपक्रमांपैकी काही महत्त्वाच्या उपक्रमांची सूत्रे बंगळूरुमधून हलली. तेथील दोन संस्थांच्या अनुभवावरून ही आव्हाने कशी चालतात आणि कोठे अडतात, हे पुरेसे स्पष्ट होते.

एकवीस मित्रांपासून

या प्रकारातील सर्वाधिक गाजलेला उपक्रम म्हणजे 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ', अर्थात 'नॅनोरायमो'. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ख्रिस बेटी यांनी जुलै १९९९ मध्ये वीस-एकवीस जणांना सोबत घेऊन तो सुरू केला. महिनाभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, असे ठरले होते. त्यांपैकी सहा जणांनी उद्दिष्ट गाठले. पुढील वर्षापासून हा उपक्रम नोव्हेंबरात होऊ लागला आणि काही वर्षांतच जगभरातील लाखो जण त्यात उतरले. ५०,००० शब्दांना तीस दिवसांनी भागले की दररोज १,६६७ शब्द येतात. उपक्रमाचे सारे यश या भागाकारात आहे, असे म्हटले तरी चालेल. 'कादंबरी लिहायची आहे' हा मनोरथ असतो. 'आज १,६६७ शब्द लिहायचे आहेत' हे काम असते. सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' या खपाचे उच्चांक गाठणाऱ्या कादंबऱ्यांचे प्रारंभिक खर्डे याच उपक्रमात तयार झाले होते.

चित्रकारांसाठी जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ मध्ये 'इंकटोबर' सुरू केले : ऑक्टोबरात दररोज शाईने एक चित्र. कवींसाठी एप्रिलमध्ये दररोज एक कविता लिहिण्याचा उपक्रम २००३ पासून चालत आला. बार्सिलोनात २०१४ मध्ये सुरू झालेल्या '३६ डेज ऑफ टाइप'मध्ये रोमन लिपीतील २६ अक्षरे आणि १० अंक रोज एक याप्रमाणे चितारले जातात. देवनागरीची वर्णमाला, बाराखडी आणि जोडाक्षरे या छत्तीस दिवसांच्या मापात बसत नाहीत. आव्हानाचा साचा ज्या लिपीत आखला गेला, तिच्या खुणा त्यात राहतात, हे यावरून दिसते.

शहाजीराजांच्या दरबारातील बारा नारळ

अट घालून घेऊन, चारचौघांसमोर निर्मिती करण्याची कल्पना मात्र इंटरनेटची नाही. सतराव्या शतकात बंगळूरु हे शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे ठिकाण होते. त्यांच्या दरबारात आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने राजांसमोर बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत काव्यरचना करू शकतो, असा त्यामागील अर्थ होता. त्यानंतर दरबारातील मंडळींनी त्याला समस्या घातल्या आणि त्याने त्या पूर्ण केल्या. याची हकीकत त्याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात आली असून, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ते विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केले. समस्यापूर्तीत पद्याचा एक तुकडा दुसऱ्याने द्यायचा आणि कवीने तेथल्या तेथे उरलेले पद्य रचायचे असते. आजच्या आव्हानांत रोज दिला जाणारा विषय-शब्द याहून फार वेगळा नाही.

ही परंपरा त्या शहरात आजही जिवंत आहे. बंगळूरुचे शतावधानी आर. गणेश यांनी २०१२ मध्ये तेथेच कन्नडमध्ये शतावधान केले. अवधानात अनेक पृच्छक एकाच वेळी अवधानीला प्रश्न आणि अटी घालतात. अमुक अक्षर वापरायचे नाही, दिलेले शब्द श्लोकात आलेच पाहिजेत, अशा त्या अटी असतात. स्वतःच स्वतःला अट घालून घेण्याचे मराठीतील ठळक उदाहरण मोरोपंतांचे आहे. १०८ रामायणे त्यांच्या नावावर सांगितली जातात आणि त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठांनी उच्चारावयाचे वर्ण टाळलेले आहेत. पंतांना संख्येचा आणि अटीचा सोस होता, अशी टीका झाली. पण याच सोसातून त्यांची भाषा किती वाकवता येते, हेही सिद्ध झाले.

स्पर्धा विश्वकोशातील नोंदींची

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. तेथील लेखन सर्वस्वी स्वयंसेवकांचे असल्याने काम कधी वेगाने होई, तर कधी महिनोन् महिने थंडावे. २००८ मध्ये बंगळूरु येथे स्थापन झालेल्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेने २०१२ पासून 'अॅक्सेस टू नॉलेज' या कार्यक्रमांतर्गत भारतीय भाषांतील विकिपीडिया समुदायांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला. पुढे मराठीचाही त्यात समावेश झाला. लेखन कार्यशाळा, संपादन मेळावे आणि मुदतबंद स्पर्धा ही या कामाची प्रमुख साधने होती.

२०१८ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत 'प्रोजेक्ट टायगर' ही लेखन स्पर्धा घेण्यात आली. विकिमीडिया संस्था आणि गूगल यांचा त्यात सहभाग होता. नेटवर लोक ज्या विषयांचा शोध घेतात, परंतु ज्यांवर भारतीय भाषांत मजकूर सापडत नाही, अशा विषयांची यादी पुरविण्यात आली. सक्रिय संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेट खर्चासाठी साहाय्य मिळाले, तसेच दरमहा पारितोषिकेही होती. मराठीसह बारा भाषांमध्ये चार हजारांहून अधिक लेख तयार झाले. पंजाबीने पहिला आणि तमिळने दुसरा क्रमांक मिळविला. दोन्ही भाषांचे प्रत्येकी बाराशेहून अधिक लेख होते. २०१९-२० मध्ये झालेल्या दुसऱ्या पर्वात तमिळ आघाडीवर राहिली. वक्त्यांची संख्या आणि लेखांची संख्या यांचा मेळ बसत नाही, ही बाब मराठी वाचकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या भाषेत आधीपासून संघटित गट होता, ती पुढे गेली.

याखेरीज नोव्हेंबर महिन्यात 'विकिपीडिया आशियाई महिना' २०१५ पासून होत आला आहे. आपल्या देशाबाहेरील आशियाई विषयांवर ठरावीक संख्येने, सुरुवातीच्या वर्षी पाच आणि नंतर चार, लेख लिहिणाऱ्यास दुसऱ्या आशियाई देशातील समुदायाकडून एक पोस्टकार्ड मिळते. सर्वाधिक लेख लिहिणाऱ्यास 'राजदूत' असा मान दिला जातो. बल्गेरियातील एका संपादिकेने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या आव्हानात तर पोस्टकार्डही नाही. रोज एक नवा लेख, सलग शंभर दिवस, एवढेच.

छायाचित्रकारांसाठी 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये सुरू झाली. २०१७ च्या स्पर्धेत जगभरातून दोन लाखांहून अधिक छायाचित्रे आली आणि जेजुरीच्या खंडोबा मंदिरातील भंडाऱ्याच्या उधळणीचे छायाचित्र सर्वप्रथम ठरले.

संख्येचा सापळा

संख्या हेच उद्दिष्ट ठरले की काय होते, याचा धडा भारतीय भाषांना २००८ नंतरच्या काही वर्षांत मिळाला. गूगलने त्या काळात मानधनावरील अनुवादक नेमून आपल्या अनुवाद साधनाच्या साहाय्याने इंग्रजी विकिपीडियावरील लेख हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली आदी भाषांत आणले. मोठ्या आकाराचे लेख वेगाने जमा झाले. पण भाषा कृत्रिम होती, विषयांची निवड स्थानिक वाचकांच्या गरजेशी जुळत नव्हती आणि लेख टाकून गेलेले अनुवादक पुन्हा दुरुस्तीसाठी येत नव्हते. बंगाली समुदायाने असे लेख काढून टाकले. तमिळ समुदायाने आपले आक्षेप २०१० मध्ये पोलंडमध्ये झालेल्या विकिमीडियाच्या जागतिक परिषदेत मांडले. लेख वाढले, लेखक वाढले नाहीत, असा त्या आक्षेपांचा रोख होता.

पारितोषिकाचा प्रश्नही येथेच येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ लेखकांना छोट्या कविता लिहावयास सांगितल्या. त्याआधी त्यांतील एका गटाला पैसा, प्रसिद्धी, इतरांची शाबासकी अशा लेखनाच्या बाह्य कारणांचा विचार करावयास लावले होते. परीक्षकांना त्या गटाच्या कविता सर्वांत कमी सर्जनशील वाटल्या. काही मिनिटांच्या विचाराने हा फरक पडला होता. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष मात्र असा, की 'जमेल तेवढे करा' यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिल्यास काम अधिक होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. उद्दिष्ट काम वाढविते. ते काम कशासाठी चालले आहे, याचा विसर पडला की दर्जा खालावतो. या दृष्टीने पाहता रोख बक्षिसापेक्षा दूरदेशीचे पोस्टकार्ड ही शहाणपणाची योजना वाटते.

लाल, पिवळे, हिरवे पान

संख्या आणि दर्जा यांची सांगड घालण्याचा सर्वांत समाधानकारक प्रयत्न विकिस्रोतावर दिसतो. स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले ग्रंथ येथे अक्षरबद्ध केले जातात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी साहित्य मुक्त होते. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य त्यानुसार २०११ पासून मुक्त झाले. जुन्या पुस्तकाच्या पानाचे चित्र एका बाजूस आणि यंत्राने ओळखलेली अक्षरे दुसऱ्या बाजूस असतात. देवनागरीत यंत्र हमखास चुकते. 'ख' चे 'रव' होते, अनुस्वार गळतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. न तपासलेले पान लाल असते. एकाने मुद्रितशोधन केले की ते पिवळे होते आणि दुसऱ्या व्यक्तीने पडताळल्यावरच हिरवे होते. स्वतः तपासलेले पान स्वतःच हिरवे करता येत नाही.

टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, भारतीय भाषांतील विकिस्रोतांसाठी दहा दिवसांची मुद्रितशोधन स्पर्धा बंगळूरुच्या याच संस्थेने घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिची पुढील पर्वे झाली. येथे मोजले जात होते ते पान, आणि प्रत्येक पानामागे दुसऱ्या माणसाची नजर अनिवार्य होती.

चित्रे तयार, गोष्ट तुमची

बंगळूरुतील दुसरी संस्था म्हणजे २००४ मध्ये स्थापन झालेली 'प्रथम बुक्स'. मुलांसाठी अल्प किमतीची पुस्तके अनेक भारतीय भाषांत प्रसिद्ध करणाऱ्या या ना-नफा संस्थेच्या संस्थापकांमध्ये मूळच्या मुंबईच्या रोहिणी निलेकणी यांचा समावेश आहे. जागतिक साक्षरता दिनी, ८ सप्टेंबर रोजी, एकच गोष्ट ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी मुलांना वाचून दाखवायची, हा उपक्रम संस्थेने २०१२ मध्ये सुरू केला. २०१५ मध्ये त्याच दिवशी 'स्टोरीवीव्हर' हा मुक्त संग्रह ८०० गोष्टी आणि २४ भाषांसह खुला झाला. तेथील गोष्टी कोणालाही वाचता, छापता, अनुवादित करता किंवा बदलता येतात. उपलब्ध चित्रांवरून नवी गोष्ट रचण्याच्या स्पर्धाही संस्थेने घेतल्या. गोष्टी चार वाचनपातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट मराठीत आणणे हे एका संध्याकाळचे काम वाटते खरे. परंतु पाच वर्षांच्या मुलाला जोडाक्षराविना वाचता येईल असे वाक्य लिहू गेल्यास महिनाही अपुरा पडतो.

महिन्याचे उद्दिष्ट ठरविताना

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'चांगले लिहीन' असे उद्दिष्ट ठेवू नये. मोजता येईल असे ठेवावे. महिन्याला चार लेख, आठवड्याला दहा पाने, दोन गोष्टींचा अनुवाद अशी त्याची मर्यादा असावी. दिवाळी अंकांच्या मुदतीने गेली शंभरहून अधिक वर्षे मराठी लेखकांकडून लिहवून घेतले आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने हा प्रघात पाडला. दुसऱ्याच्या मुदतीत जो गुण आहे, तो स्वतःच्या मुदतीत आणावयाचा तर ती कोणाला तरी सांगितलेली असावी लागते. महिन्यातील एखाद-दुसरा दिवस चुकणारच, हे गृहीत धरून संख्या थोडी कमी ठेवणे श्रेयस्कर. आणि झालेले काम कोठे ठेवायचे, ते कोण तपासणार, हे आधीच ठरलेले असावे.

शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. यंत्रानुवाद आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्यामुळे १,६६७ शब्द आता काही सेकंदांत निर्माण होतात. विकिपीडियाच्या अनुवाद साधनात, यंत्राने दिलेला मजकूर माणसाने पुरेसा बदलला नसेल तर प्रकाशनास अटकाव करण्याची सोय आहे. 'नॅनोरायमो'ने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत घेतलेल्या बोटचेप्या भूमिकेवरून अनेक लेखक दुरावले. आर्थिक ओढाताण आणि मंचावरील देखरेखीविषयीचे वाद आधीपासून होतेच. ३१ मार्च २०२५ रोजी संस्थेने काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. तेथे लिहिलेल्या कादंबऱ्या ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. मराठी विकिस्रोतावर २०२० च्या त्या दहा दिवसांत पिवळी झालेली पाने मात्र सर्वांसमोर आहेत. त्यांतील कोणतेही पान उघडून, मूळ चित्राशी ताडून, ते हिरवे करण्यासाठी स्पर्धा जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही.