भिंतीचा रंग, खोलीचा भाव

दिवाळीआधी घराला रंग देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; पण कोणत्या खोलीत कसे वाटावे यासाठी कोणता रंग घ्यावा, हा प्रश्न अलीकडचा. चुन्याच्या काळात तो फारसा पडतच नसे. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यात मिसळून टिकणारे रंग मोजकेच. गेरू आणि पिवडी या लोहयुक्त मातीच्या रंगांना चुन्याचा त्रास होत नाही. कपड्यांसाठी पुडीतून मिळणारी नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, हीसुद्धा चुन्यात टिकते. तेव्हा निवड असलीच तर एवढ्यातली.

आज दुकानात यंत्रावर मिसळून हजारो छटा मिळतात आणि प्रत्येक छटेला एक भाव चिकटवलेला असतो. निळा शांत, पिवळा उत्साही, तांबडा तापट. या चिकटवणीला आधार किती, याचा शोध मी माझ्यापुरता काही वर्षे घेत आलो आहे. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. वाचन आहे आणि घरे पाहण्याची सवय आहे.

आपल्या परंपरेतला जुना आधार नाट्यशास्त्राचा. सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक वर्ण दिला आहे: शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोत म्हणजे पारव्यासारखा राखी, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. रौद्राचा तांबडा आपल्याला लगेच पटतो. पण शांत म्हणून शयनगृहात लावला जाणारा निळा इथे बीभत्साचा आहे आणि नव्या फ्लॅटांतून हौसेने दिला जाणारा राखी करुणाचा. राखी दिवाणखान्यात बसून कोणी रडत नाही. भरताचे वर्ण हे रंगभूमीचे संकेत आहेत, ते भिंतीवरचे औषध नव्हे.

गटेने १८१० साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात एक निरीक्षण आहे: निळ्या कागदाने मढवलेल्या खोल्या ऐसपैस, पण रिकाम्या आणि थंड वाटतात. सतत वावरायच्या खोलीसाठी हिरवा बरा, असेही तो सांगतो. जर्मनीच्या हिवाळ्यात हा थंडपणा दोष ठरतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याच भिंतीला कोण नावे ठेवील?

गुलाबी रंगाची गोष्ट तर सगळ्यांनीच लक्षात ठेवावी अशी. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिॲटलच्या नौदल बंदिगृहात एक कोठडी गडद गुलाबी रंगवली गेली आणि त्यामुळे कैद्यांचा आक्रमकपणा कमी होतो, असे जाहीर झाले. पुढे अनेक ठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. स्वित्झर्लंडमधील एका कारागृहात नंतर काटेकोर तुलना केली तेव्हा गुलाबी आणि पांढऱ्या कोठड्यांतील कैद्यांत तसा फरक आढळला नाही.

मग रंगाचा मनावर परिणामच होत नाही का? होतो, पण आपण समजतो त्या वाटेने नाही. वाल्देझ आणि मेहराबियन यांच्या १९९४ च्या प्रयोगांत रंगाचे नाव, म्हणजे निळा की पिवळा, यापेक्षा तो किती उजळ आणि किती गडद-भडक आहे याचा भावनांवर अधिक ठाम परिणाम दिसला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतील सुमारे १००० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात उजेड फारच अपुरा वाटणाऱ्यांची मनःस्थिती सर्वांत खालावलेली होती. पुरेसा वाटला की ती सुधारे आणि डोळ्यांवर येऊ लागला की पुन्हा घसरे.

म्हणून रंग निवडताना मी क्रम उलटा लावतो. आधी खोलीत कोण, कोणत्या वेळी असते ते पाहावे. मग खिडकी. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ आकाशाचा निळसर उजेड येतो. त्यात फिकट राखी भिंत उदास दिसते. समोरच्या इमारतीची भिंत जवळ असेल तर तिचा रंगही आत उतरतो. त्यानंतर दिवा. खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो: २७०० चा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. पहिल्याखाली उबदार वाटणारा मलईचा रंग दुसऱ्याखाली आजारी दिसतो. रंगाचे नाव सगळ्यात शेवटी.

शेडकार्डावरच्या तुकड्यावर भरवसा ठेवू नये. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे खोलीत तोच रंग अधिक गडद होतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर तो वेगवेगळ्या भिंतींवर टेकवावा आणि सकाळी, दुपारी व दिवा लावून पाहावा. शंका असेल तर एक पायरी फिकट छटा घ्यावी.

यात सर्वांत मोठा प्रश्न म्हाताऱ्या माणसांचा. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. त्यामुळे नातवाला आकाशासारखी वाटणारी फिकट निळी भिंत आजीला मळकट दिसू शकते. भिंत, दार आणि फरशी एकाच फिकट छटेत असतील तर कड कुठे संपते ते तिला कळत नाही आणि पडण्याची भीती वाढते. भिंत उजळ ठेवून चौकट आणि स्विचची पाटी ठळक रंगात दिली, तर त्याचा तिला रोज उपयोग होतो.

आपल्या घरांत बहुधा मोठ्या खिडकीचा दिवाणखाना दुपारभर रिकामा असतो आणि वृद्धांची खाट आतल्या खोलीत. तिथे कोणता रंग प्रसन्न दिसेल, असे मला अनेकदा विचारले जाते. मी आधी एवढेच सुचवतो, की खाट खिडकीशी नेता येते का ते पाहा. रंग मग ठरवू.