एप्रिलमध्ये ‘मुळापासून’ गेलेला सोरायसिस

एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. अशा घोडबंदर पट्ट्यात, जुन्या गावठाणात काय आणि नव्या टॉवरांमध्ये काय, दर उन्हाळ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘त्यांचं आयुर्वेदिक औषध घ्या, आमच्या भावजींचा सोरायसिस मुळापासून गेला.’ हे वाक्य एप्रिल-मेमध्येच का ऐकू येतं आणि डिसेंबर-जानेवारीत का येत नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर भडकते. एरवी साधारण महिनाभरात होणारं त्वचेच्या पेशींचं चक्र तीन ते पाच दिवसांत उरकतं, आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर लाल चट्ट्यांवर चंदेरी खवल्यांसारखे साचतात. या आजाराकडे असलेला कल बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. चट्टे पूर्ण जाऊ शकतात, त्वचा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं स्वच्छ राहू शकते, पण कल शरीरातच राहतो. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला, त्यातही हा दीर्घकाळ राहणारा, संसर्गाने न पसरणारा आणि कायमचा बरा करणारा इलाज नसलेला आजार असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे.

मग भावजींचे चट्टे गेले कसे? बऱ्याच रुग्णांचा सोरायसिस थंडीत वाढतो. हवा कोरडी होते, ऊन मंदावतं, घशाचे संसर्ग वाढतात, आणि घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे अंगभर थेंबाएवढे चट्टे उठू शकतात. मार्चपासून आपल्याकडे ऊन कडक होतं, हवेत दमटपणा येतो. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेतल्या भडकलेल्या पेशींना शांत करतात. रुग्णालयात 311 नॅनोमीटरच्या दिव्याखाली जी प्रकाशचिकित्सा देतात, ती याच तत्त्वावर चालते. आता माणूस वैद्याकडे जातो कधी? अंग सर्वांत जास्त फुटलेलं असतं तेव्हा, म्हणजे जानेवारीत. ‘तीन महिने पथ्य पाळा, फरक पडेल,’ असं त्याला सांगितलं जातं. तीन महिन्यांनी एप्रिल उजाडतो आणि चट्टे फिके पडतात. श्रेय पुडीला मिळतं, उन्हाचं नाव कोणी घेत नाही.

औषधाचा काहीच उपयोग झाला नसेल, असं माझं म्हणणं नाही. झालाही असेल. पण जानेवारी आणि एप्रिलची तुलना करून ते कळणारच नाही. या जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशी करा. दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. औषध कोणत्याही पॅथीचं असो, सगळे ऋतू पार पडल्याशिवाय त्याला पास-नापास ठरवू नका. शिवाय काहींचं उलटं असतं, त्यांना घामाने उन्हाळ्यातच त्रास होतो. अशा माणसाने पावसाळ्यात औषध सुरू केलं, तर त्याचा ‘चमत्कार’ थंडीत दिसेल.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ‘मुळापासून गेला’ म्हटलं की माणूस तेल लावणं सोडतो, तपासण्या सोडतो, आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करतो. थंडी परतते तेव्हा आजार अधिक जोरात उसळतो, आणि ‘पथ्य मोडलं असेल’ म्हणून दोषही रुग्णाच्याच माथी येतो.

खरं तर ऋतूंचा विचार आयुर्वेदाइतका कोणी मांडलेला नाही. वाग्भटांच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय अख्खा ऋतुचर्येचा आहे. वसंतात वमन, वर्षाऋतूत बस्ती, शरदात विरेचन ही पंचकर्मांची मांडणी त्याच परंपरेतली. हे शास्त्र मन लावून शिकलेला वैद्य ‘पुन्हा होणारच नाही’ अशी हमी देत नाही. तो दर ऋतूत पुन्हा यायला सांगतो.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हा दुसरा हट्ट. त्वचारोगात सर्रास दिल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीत पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं. ती कोणाला, किती आणि किती दिवस द्यायची, हे वैद्यानेच ठरवायला हवं. गुळवेलीचं म्हणाल, तर कोविडकाळात ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो वाद बाजूला ठेवला, तरी यकृतावर ताण देणारी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता सोबत काढा सुरू करू नये, एवढं नक्की. (मेथोट्रेक्झेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं.)

पंचकर्माआधी चढत्या मात्रेत तूप पाजतात. सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त आढळतात, म्हणून आधी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. सर्वांत घातक म्हणजे नाव, घटक, परवाना क्रमांक काहीच न छापलेली पुडी. चार दिवसांत जादू झाली, भूक वाढली, चेहरा सुजला, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायला हवा. मात्र अशी पुडी एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक थांबलं की अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात. पुडी घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुंबईतल्या सायन, नायर, केईएम या तिन्ही पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत.

‘औषधाने आजार आधी उफाळतो, मग जातो’ हे साफ चुकीचं. संपूर्ण अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, तर ती तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ आहे.

शिवल्याने सोरायसिस होत नाही. त्या भीतीने कोणाला सोसायटीच्या स्विमिंग पूलमधून बाहेर काढणं हा निव्वळ अन्याय आहे.

दूध आणि मासे एकत्र खाण्याला चरकसंहितेत विरुद्ध आहार म्हटलं आहे, पण त्याने सोरायसिस होतो याचा पुरावा नाही. दारू, तंबाखू आणि वाढतं वजन यांचा संबंध मात्र पक्का आहे.

सकाळचं कोवळं ऊन सुखद असतं, पण त्यात अतिनील-बी किरण फारच कमी असतात. दुपारी मात्र ते इतके असतात की त्वचा भाजते, आणि भाजलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. म्हणून किती वेळ उन्हात बसायचं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

थंडीत कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. पावसाळ्यात जांघेत, काखेत खाज आली तर सोरायसिसच समजू नका. तो नायटाही असू शकतो, आणि केमिस्टकडच्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने तो पसरतो. मलेरियाचा ताप आला तर डॉक्टरांना सोरायसिसबद्दल आधी सांगा, कारण क्लोरोक्विनने चट्टे भडकू शकतात. आणि सकाळी बोटं आखडत असतील, एखादं बोट सबंध सुजत असेल, तर वात समजून तेल चोळत बसू नका. तो सोरायसिसचा संधिवात असू शकतो, आणि उपचाराला उशीर झाला तर त्यात सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो.