घोड नदीकाठची बिनशिराची देवी

शिरूर आणि दौंड यांच्या मधल्या पट्ट्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या या कामातून इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं.

तिथल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची लंबगोल पेटी पुरलेली होती. आत स्त्रीची एक मूर्ती. झाकणावर दुसरी, शिर नसलेली, आणि तिच्याजवळ बैल. या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. माती कच्ची, घडण ओबडधोबड. चेहरा आणि दागिने यांत घडवणाऱ्याला रस नव्हता. बाई आणि बैल एकमेकांना जोडले जावेत, एवढंच त्याला हवं होतं.

हे हात कसबी नव्हते असं मात्र नाही. त्याच गावात जोर्वे पद्धतीची भांडी वापरात होती: चाकावर घडवलेली, तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी, आणि इतकी नीट भाजलेली की टिचकी मारली तर खणखणावीत. तोटीचं भांडं ही त्यांची खास ओळख. सुबकपणा रोजच्या भांड्याला दिला. देवीला दिली साधी माती, ज्या मातीतून जव उगवत होते.

गावाने पुराचं पाणी वळवायला पाट खोदला, बांध घातला. तरीही इ. स. पू. १००० नंतर दिवस पालटले. ढवळीकरांनी त्याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरची भिस्त वाढली, भांडी जाडीभरडी झाली. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं.

म्हणून या भांड्यांकडे कलावस्तू म्हणून पाहताना नदीची नोंदवही म्हणूनही पाहायला हवं. पाऊस भरवशाचा होता तोवर कुंभाराला नक्षीसाठी सवड होती. निसर्ग हा या माणसांच्या कलेचा नुसता विषय नव्हता. कला घडेल की नाही, हेही तोच ठरवत होता. पाटपाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आजच्या शिरूर-दौंडलाही हा हिशेब चुकलेला नाही.