खोगिरावरचं ग्रंथालय

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेला ॲपलाचियन पर्वताच्या रांगा आहेत. १९३०च्या दशकात तिथल्या कितीतरी वस्त्यांना रस्ताच नव्हता. ओढ्याचं पात्र हीच वाट. महामंदीने कोळशाच्या खाणीतली कामं गेलेली, मोठ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नाही, आणि मुलांची शाळा म्हणजे एक खोली. या मुलुखात १९३५पासून १९४३पर्यंत घोड्याखेचरांच्या पाठीवरून एक ग्रंथालय फिरत होतं, आणि त्याची सर्वांत आतुरतेने वाट बघणारी वाचकमंडळी होती प्राथमिक शाळेतली मुलं.

कल्पना त्याहून जुनी. १९१३मध्ये मे स्टॅफर्ड या बाईंनी केंटकीतल्याच पेंट्सव्हिल गावी असा प्रयोग सुरू केला होता. एक खाणमालक त्याला पैसा पुरवत असे. वर्षभरातच तो वारला आणि प्रयोगही थांबला. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी मोठी रोजगार योजना काढली, तिच्यात ही कल्पना पुन्हा उभी राहिली. पुस्तकं पोचवण्याचं काम बहुतांशी बायकांकडे आलं. पगार महिन्याला २८ डॉलर. घोडा किंवा खेचर ज्याचं त्याने आणायचं, स्वतःचं नसेल तर भाड्याने घ्यायचं. आठवड्याला १०० ते १२० मैलांची रपेट, आणि ठरलेल्या वाटेवर महिन्यातून दोन फेऱ्या. पाऊस असो की बर्फ, फेरी चुकवायची नाही. घोड्याचा पाय टिकत नाही अशा चढणीवर या बाया खाली उतरून पिशव्या घेऊन चालत जात.

सरकार पगार देई, पुस्तकांना मात्र पैसा नव्हता. मग राज्यातल्या पालक-शिक्षक संघांनी सभासदांकडून एकेक पेनी गोळा केली. दूरदूरच्या शहरांतून जुनी पुस्तकं आणि मासिकं मागवली. ती पोस्टाच्या, चर्चच्या किंवा कचेरीच्या एखाद्या मोकळ्या खोलीत येऊन पडत. तिथली ग्रंथपाल फाटलेलं डकवून, शिवून ती पुन्हा वापरात आणी.

दुरुस्तीच्याही पलीकडे गेलेल्या मासिकांचं या बायांनी जे केलं, ते मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं. चांगली चित्रं, गोष्टी, पाककृती, गोधडीचे नमुने कापून त्या कात्रणवह्या तयार करत. एका गावची वही दुसऱ्या गावी जाई. गोधडीचा नमुना आईसाठी, चित्र आणि गोष्ट मुलासाठी. एकाच वहीत घरातल्या सगळ्यांसाठी काहीतरी असे. पानांचे कोपरे दुमडून पुस्तकं खराब होत, म्हणून जुनी नाताळची भेटकार्डं खुणेसाठी वाटली जात. मोटारींच्या जुन्या नंबरप्लेटा वाकवून पुस्तकांना टेकू केले होते.

सगळ्या घरांनी लगेच दार उघडलं असं मात्र झालं नाही. परकी माणसं आणि त्यांची पुस्तकं यांच्याविषयी डोंगरातल्या लोकांच्या मनात संशय होता. तेव्हा या बाया आधी बायबलमधला उतारा मोठ्याने वाचून दाखवत. ओळखीचे शब्द कानावर पडले की घर मोकळं होई. शिवाय पुस्तकं घेऊन येणारी बाई बहुधा त्याच मुलखातली, त्यांच्याच बोलीत बोलणारी असे.

मुलांना चित्रांची पुस्तकं हवी असत, आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’ व मार्क ट्वेन यांनाही मोठी मागणी होती. घरी नेलेल्या पुस्तकावर एकट्या मुलाची नजर नसे. वाचता न येणारे आईबाप चित्रं बघत, आणि शाळेत जाणारं पोर त्यांना मजकूर वाचून दाखवी. मुलाला वाचायला लावणारी याहून मोठी गोष्ट कोणती असणार? त्याच्या वाचनाची घराला गरज होती. मुलाला आधी श्रोता मिळाला पाहिजे. तो मिळाला की गोडी लागायला वेळ लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट नेमाची. पंधरवड्याने घोडा पुन्हा येणार, हे पुस्तक परत जाणार आणि नवं मिळणार, हे पोराला पक्कं ठाऊक असे.

ही योजना भरात असताना दीडशेवर शाळा आणि सुमारे एक लाख माणसं तिच्या कक्षेत होती. १९४३मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे कामं वाढली, रोजगार योजना गुंडाळली गेली आणि घोडेही थांबले. काही डोंगरी भागांना पुन्हा पुस्तकं मिळायला १९५०च्या दशकातल्या पुस्तकगाड्यांची वाट पाहावी लागली. ग्रामीण ग्रंथालयांना केंद्र सरकारचा पैसा देणारा कायदा अमेरिकेत १९५६मध्ये झाला.

पुस्तकाने वाचकाकडे जावं, हा विचार आपल्याकडेही नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था लावली. तिच्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या, मुलांसाठी वेगळा विभागही होता.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, तर ते काढा. आठवड्यातला एक वार ठरवा, प्रत्येक मुलाला एक पुस्तक घरी न्यायला द्या आणि घरच्यांना सांगा, की रात्री जेवण झाल्यावर त्यातलं एक पान त्याच्याकडून ऐका. पुस्तक थोडं मळेल, एखादं हरवेल. तरीही द्या.