अंडरटेकरचे सात जन्म

अंडरटेकर या पैलवानाला सात जन्म आहेत, ही गोष्ट नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना कुणी शिकवावी लागली नाही. सोलापूर असो, चिपळूण असो की डोंबिवली, मधल्या सुट्टीत ती सगळीकडे सारखीच सांगितली जायची. त्यातले दोन-तीन जन्म आधीच खर्ची पडले आहेत, असंही सांगणारा ठासून सांगायचा. पुरावा मागायची कुणाची टाप नव्हती.

या अफवेला थोडा आधार होताही. जानेवारी 1994च्या ‘रॉयल रंबल’ या कार्यक्रमात योकोझुना आणि त्याच्या बाजूच्या पैलवानांच्या टोळीने अंडरटेकरला मारमारून शवपेटीत कोंबलं. पेटीतून धूर निघाला, मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसला आणि एक आकृती छताकडे वर जाताना दिसली. त्यानंतर काही महिने तो गायब. प्रत्यक्षात मार्क कॅलवे नावाचा टेक्ससचा हा माणूस पाठीच्या दुखापतीमुळे विश्रांती घेत होता. ऑगस्टमध्ये तो परतला, तेव्हा समोर त्याच्याच वेशातला दुसरा अंडरटेकर उभा होता. हा तोतया म्हणजे ब्रायन ली. पुढे 1996 साली ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारने ज्याला लोळवलं, तोही हाच ब्रायन ली. थिएटरात शिट्ट्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याचा पत्ता होता.

आमच्या पिढीची डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीशी ओळख झाली ती केबलवाल्याच्या कृपेने, पण ती पक्की झाली पत्त्यांमुळे. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पत्त्यांवर पैलवानाचा फोटो आणि खाली आकडे असत: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढती किती, जिंकल्या किती. एकाने ‘वजन’ म्हणायचं, ज्याचा आकडा मोठा त्याने पत्ता उचलायचा. 505 पौंडांचा योकोझुना हाती असला की वजनात हार नाही. आठ फुटी जायंट गोन्झालेस असला की उंचीत हार नाही. या आकड्यांत फुगवाफुगवी होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक? जपानी सुमो म्हणून मिरवणारा योकोझुना मुळात सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला सामोअन वंशाचा रॉडनी अनोआई होता. गोन्झालेस अर्जेंटिनाचा बास्केटबॉलपटू. रिंगमध्ये त्याला धड पडताही येत नसे, आणि या धंद्यात ज्याला पडता येत नाही त्याला काहीच येत नाही.

या खेळात ब्रेट हार्टचा पत्ता मात्र कुणाला नको असायचा. सहा फूट उंची, 235 पौंडांच्या आसपास वजन, सगळं मध्यम. पण टीव्हीवर तोच सगळ्यांना हवा असे. गुलाबी-काळा पोशाख, तेल लावल्यासारखे ओले केस, आणि रिंगमध्ये शिरण्याआधी पहिल्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या डोळ्यांवर स्वतःचा चष्मा चढवणं. त्याच्यापाशी जे होतं ते मोजायला पत्त्यावर रकानाच नव्हता.

घरातली मोठी माणसं येता-जाता म्हणायची, “अरे, सगळं खोटं असतं ते.” कोल्हापूर-सांगलीकडे तर हे आणखी जोरात ऐकू यायचं. ज्यांनी खासबागच्या मैदानात निकाली कुस्ती पाहिली होती, त्यांना ही ठरवून खेळलेली नुरा कुस्ती म्हणजे पोरखेळ वाटणं साहजिक होतं. गंमत अशी की त्याच पिढीतली कितीतरी माणसं दारासिंग आणि किंग काँगच्या आठवणीने हळवी व्हायची. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये होणारी ती ‘फ्रीस्टाइल’ही याच व्यावसायिक कुस्तीची भावकी. किंग काँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल चाया, शरीराने डोंगर. दारासिंगची आणि त्याची जोडी इतकी गाजली की 1962 साली ‘किंग काँग’ नावाचा सिनेमाच आला आणि दारासिंग त्याचा नायक झाला. 1968 साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. थेझ हा त्या देशाच्या व्यावसायिक कुस्तीतला सर्वांत मानाचा माणूस. म्हणजे आमचे वडील-काका ज्या झाडाखाली बसले होते, त्याच्याच दुसऱ्या फांदीखाली आम्ही बसलो होतो.

निकाल आधी ठरलेला असतो, हे गुपित फार काळ राखलं गेलं. नायक आणि खलनायक यांनी एका गाडीतून जायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही, असा दंडकच होता. मे 1987मध्ये न्यू जर्सीच्या रस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत अमेरिकन झेंडा नाचवणारा जिम डगन आणि अमेरिकेला शिव्या घालणारा आयर्न शेख शेजारी-शेजारी बसलेले! गाडीत अमली पदार्थ सापडले ते वेगळंच, पण बातमी झाली ती दोघांच्या सोबतीची. दोघांचीही हकालपट्टी झाली. दोनच वर्षांनी, 1989मध्ये, कंपनीने त्याच राज्याच्या सिनेटपुढे कबूल केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि करही आला, तो टाळायचा होता.

आयर्न शेखबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. होसेन खोसरो वझिरी हा इराणचा अस्सल पैलवान. 1971 साली त्याने अमेरिकेतल्या हौशी कुस्तीत सुवर्णपदक मिळवलं होतं. रिंगमध्ये येताना तो लाकडी मुद्गलांची जोडी घेऊन यायचा, ती खांद्यामागून फिरवायचा आणि समोरच्याला ‘फिरवून दाखव’ म्हणून आव्हान द्यायचा. आपल्या तालमीत करेल फिरवलेल्या माणसाने ते पाहिलं तर जोडी ओळखीची वाटेल. इराणची व्यायामशाळा आणि आपली तालीम यांचं नातं जुनं आहे. अमेरिकन प्रेक्षक त्याला हसायचे. मला मात्र त्या क्षणी रिंगमधला सर्वांत खरा माणूस तोच वाटतो.

आता ‘खोटं’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. रिंगच्या खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कापड. गादी म्हणावी असं तिथे काही नसतं. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात फळीवर आपटायचे, म्हणजे धक्का विभागला जातो आणि आवाजही मोठा होतो. ठोसा मारताना पाय जोरात आपटतात, कानाला वाटतं गालावर बसला. गळ्याभोवती हात आवळून दोघं पडून राहतात, तेव्हा पुढचा डाव कानात सांगितला जात असतो. पंच मध्येच हात धरतो, तो माणूस शुद्धीवर आहे की नाही हे पाहायला. छातीवरच्या थपडा मात्र खऱ्याच, वळ उठेपर्यंत. आणि वर्षाचे कित्येक महिने, गाव बदलत, रोज रात्री हेच. हाडांना हे ठरलेलं आहे की नाही, याच्याशी देणंघेणं नसतं.

29 ऑगस्ट 1992ची लढत पाहिली की हे सगळं एकत्र दिसतं. लंडनचं वेम्बली स्टेडियम, कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा 80,355. शेवटची लढत ब्रेट हार्ट आणि ‘ब्रिटिश बुलडॉग’ डेव्ही बॉय स्मिथ यांची. डेव्ही हा ब्रेटचा खराखुरा मेहुणा, ब्रेटच्या बहिणीचा, डायनाचा नवरा. घरच्या मैदानावर लोक अर्थातच बुलडॉगच्या बाजूने. ब्रेटने 2007च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की लढत सुरू होताच डेव्हीचा दम उखडला आणि ठरवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. मग ब्रेटने पुढची वीस-पंचवीस मिनिटं त्याला कानात सांगत, उचलत, स्वतः पडत लढत पार नेली. हे माहीत असताना ती लढत पाहा. ब्रेट वरचढ दिसतो तेव्हा तो खरं तर डेव्हीला श्वास घ्यायला वेळ देत असतो. शेवटी ब्रेट त्याच्या अंगावरून उडी घेऊन त्याला मागे खेचायला जातो, डेव्ही खाली बसतो, ब्रेटचे पाय हातांनी अडकवतो, आणि एक-दोन-तीन. अख्खं स्टेडियम नाचतं, आणि ज्याने हे घडवलं तो हरलेला असतो. आपल्या हातून कधी कुणा प्रतिस्पर्ध्याला गंभीर इजा झाली नाही, याचा ब्रेटला बेल्टपेक्षा जास्त अभिमान आहे. तो अभिमान मला रास्त वाटतो.

1997 साली मॉन्ट्रियलमध्ये मालक विन्स मॅकमहनने ब्रेटला न सांगता, ठरलेलं मोडून लढत संपवणारी घंटा वाजवायला लावली आणि त्याच्याच देशात, कॅनडात, त्याच्याकडून किताब काढून घेतला. ज्या धंद्यात सगळं एकमेकांच्या शब्दावर चालतं, तिथे शब्द मोडणं किती वाईट असतं हे त्या रात्री दिसलं. अनेक चाहते आजही मॅकमहनची बाजू घेतात. मला ती पटलेली नाही.

आणि जी किंमत मोजली गेली, ती या खेळावर प्रेम करणाऱ्याने विसरू नये. योकोझुना 2000 साली गेला, चौतीस वर्षांचा. डेव्ही बॉय स्मिथ 2002 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी. मिस्टर परफेक्ट म्हणून गाजलेला कर्ट हेनिग चव्वेचाळिसाव्या वर्षी. वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड, अवाढव्य वजन, सततचा प्रवास. आणि कागदोपत्री हे सगळे नोकर नव्हतेच, स्वतंत्र कंत्राटदार होते. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने उतरताना खाली कोसळला आणि गेला. कार्यक्रम त्या रात्री पुढे चालू ठेवला. तो थांबवायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

हल्लीच्या मुलांना या जुन्या लढतींत काय होतं ते दाखवायचं असेल, तर मी हल्क होगनपासून सुरुवात करणार नाही, अंडरटेकरपासूनही नाही. 20 मार्च 1994ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली ओवेन विरुद्ध ब्रेट ही लढत लावा. दोघं भाऊ कॅलगरीच्या घरातल्या तळघरात, वडील स्टू हार्टच्या हाताखाली तयार झालेले. खुर्च्या नाहीत, रक्त नाही, धूर नाही. धाकटा जिंकतो, आणि तोही मोठ्याचा डाव त्याच्यावरच उलटवून. आवाज बंद ठेवून पाहिली तरी सगळी गोष्ट कळते.