राजवाड्यापुढची समाधी

जालन्याहून मेहकरच्या रस्त्याला लागलं की बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत सिंदखेडराजा लागतं. गाड्या थांबतात त्या राजवाड्यापुढे. भुईकोट राजवाड्याचा भव्य दरवाजा रस्त्यालगतच आहे. आत जायचं, म्हाळसा महालात जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवायचं, मुलांना दरवाज्यात उभं करून फोटो काढायचा, बाहेर येऊन चहा घ्यायचा आणि वाटेला लागायचं. बहुतेकांचं सिंदखेडराजा एवढ्यातच आटपतं. जिजाऊंच्या वडिलांची, लखुजीराजे जाधवांची समाधी याच गावात आहे, आणि ती काही कोपऱ्यात दडलेली नाही. चांगली दांडगी वास्तू आहे. पण तिथं जाणारा माणूस विरळा.

समाधी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एखादा चौथरा येतो, वर तुळशीवृंदावन किंवा पिंड. इथं तसं नाही. चौरस, उंच, घुमटाची इमारत आहे आणि दुरून पाहणाऱ्याला नगर-दौलताबादकडचे निजामशाही मकबरे आठवतात. ज्या दरबारात हयात गेली त्याच दरबाराची वास्तुशैली हिंदू सरदाराच्या समाधीला आली, यात त्या काळच्या कुणाला काही वावगं वाटलं नसावं. घराण्यातल्या जगदेवरावांनी १६३० ते १६४० च्या दरम्यान ती बांधून घेतली. एवढा खर्च आणि एवढी हौस असलेली मराठा सरदाराची समाधी महाराष्ट्रात सहजी सापडत नाही.

लखुजीराव हे सिंदखेडचे देशमुख. देवगिरीच्या यादवांशी आपलं नातं सांगणारं हे घराणं. निजामशाहीत तलवारीच्या जोरावर ते इतके वर गेले की शेजारीपाजारीही त्यांना राजे म्हणू लागले. परिसरातल्या गावांची नावं बघा: सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मेहुणाराजा, किनगावराजा, आडगावराजा. एसटीच्या पाटीवर आजही ही पदवी रोज फिरते.

त्या काळी शौर्याचं पदक नव्हतं. मान मोजला जाई तो मनसबीच्या आकड्यांत. ‘जात’ हा आकडा माणसाचा दर्जा आणि तनखा ठरवी, ‘स्वार’ हा आकडा त्यानं किती घोडदळ बाळगायचं ते सांगे. १६२१ च्या सुमारास शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दक्षिणेत उतरला तेव्हा लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. ग्रँट डफच्या इतिहासात जाधवांच्या वाट्याला आलेला आकडा २४ हजारांची मनसब आणि १५ हजार स्वार असा दिला आहे. तो एकट्या लखुजींचा नसून सगळ्या घराण्याचा मिळून मानायचा. तरीही दक्षिणेतल्या कुठल्याही मराठा घराण्याला तोवर एवढा मान मिळाला नव्हता. मोगलांनी हा मान काही उदारपणानं दिला नव्हता. जाधवांचे घोडेस्वार निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूनं राहिले तर काय होतं, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं.

तीनच वर्षांनी, १६२४ मध्ये, नगरजवळ भातवडीची लढाई झाली. एका बाजूला मलिक अंबर आणि त्याच्यासोबत शहाजीराजे. दुसऱ्या बाजूला मोगल-आदिलशाहीची फौज आणि तिच्यात लखुजीराव. सासरा एका छावणीत, जावई दुसऱ्या छावणीत. मलिक अंबर जिंकला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. आपल्याकडे जिजाऊंची गोष्ट रंगमहालातल्या रंगपंचमीपासून सुरू होते. छोट्या शहाजी-जिजाऊंना शेजारी बसलेलं पाहून लखुजी थट्टेनं सोयरिकीचं बोलले, आणि शहाजींचे वडील मालोजी यांनी ती थट्टा तिथल्या तिथं खरी धरली. रंगमहाल आजही गावात दाखवतात. पण रंगमहालापासून भातवडीपर्यंतचा प्रवास मुलांच्या पुस्तकांत फारसा येत नाही. आला, तर लखुजींना कुठल्या रकान्यात बसवायचं असा प्रश्न पडतो.

माझ्या मते त्यांना कुठल्याच रकान्यात बसवू नये. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला देशमुखाची निष्ठा पहिल्यांदा वतनाशी असे. वर निजामशहा आहे की पादशहा, हा नंतरचा हिशेब. लखुजी शूर होते, महत्त्वाकांक्षी होते, बाजू बदलत होते. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. समाधीपुढे हे सगळं सांगितलं तर त्यांचा मान काही कमी होत नाही.

पुढे ते पुन्हा निजामशाहीत आले. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला होता आणि मुर्तजा निजामशहाचा दरबार संशयानं पोखरला होता. २५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव दौलताबादच्या किल्ल्यावर मुजऱ्याला गेले. सोबत अचलोजी आणि राघोजी हे मुलगे, आणि यशवंतराव हा नातू. दरबारात दगा झाला आणि चौघंही तिथंच मारले गेले. दौलताबाद म्हणजे देवगिरी, यादवांची राजधानी. घराण्यानं ज्या गावाशी आपलं मूळ जोडलं, तिथंच त्याच्या तीन पिढ्या एका दिवशी पडल्या.

तिथी होती श्रावण पौर्णिमा. त्या राखीपौर्णिमेला जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. शिवरायांचा जन्म फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे दौलताबादची बातमी पोचली तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांच्या गरोदर होत्या. शाळेच्या धड्यात शिवनेरीवरचे डोहाळे रंगवून सांगतात, पण ते याच पावसाळ्यातून गेले होते.

जाधव मंडळी सिंदखेडला परतली आणि मोगलांकडे गेली. शहाजीराजांनीही निजामशाहीला रामराम ठोकला. मुर्तजा निजामशहाला पुढे मलिक अंबरच्याच मुलानं, फत्तेखानानं संपवलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडलं. ज्यानं जीव घेतला, तो दरबार चार वर्षांतच कोसळला. मनसबीचे कागद दफ्तरात गेले. सिंदखेडमधली इमारत मात्र घरच्यांनी घरच्यांसाठी उभारली होती, ती राहिली.

जून २०२४ मध्ये या समाधीचं नाव पुन्हा एकदा बातम्यांत आलं, तेही भलत्याच कारणानं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळाचं तिथं जतनाचं काम चाललं होतं. सफाई करताना काही घडीव दगड ओळीत लागलेले दिसले. म्हणून उकरून पाहिलं, तर एका जुन्या मंदिराच्या मंडपाचं जोतं निघालं. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती लागली. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी आणि पट्ट्यावर समुद्रमंथन. त्यातून निघालेले ऐरावत, उच्चैःश्रवा घोडा अशी रत्नंही कोरलेली. दगड आपला नेहमीचा काळा पाषाण नव्हे, तर मऊ क्लोराइट शिस्ट. असला दगड छिन्नीला नमतो आणि त्यावर दागिन्यांचा मणी न् मणी उठतो. गावकऱ्यांनी बघायला गर्दी केली. लखुजीराजांच्या समाधीकडे एका आठवड्यात इतके लोक बहुधा कित्येक वर्षांत वळले नसतील, पण आले ते विष्णूला पाहायला.

समाधीपासून गावात फिरायला निघालात तर रामेश्वराचं हेमाडपंती देऊळ, नीलकंठेश्वर, कोरीव मूर्तींची पुतळा बारव आणि सजना बारव पाहा. मोती तलावाचा बांध एखाद्या गढीसारखा बांधलेला आहे. काळाकोट अर्धवटच राहिला. त्या अवाढव्य भिंतींकडे पाहिल्यावर काम थांबलं नसतं तर काय उभं राहिलं असतं याचा अंदाज येतो. या सगळ्याला एक दिवस पुरतो.

अचलोजींच्या मागे त्यांचा वंश स्वराज्यात आला. घराण्याची परंपरा सांगते की अचलोजींचे संताजी जिजाऊंच्या देखरेखीखाली वाढले आणि कनकगिरीला पडले. त्यांचे शंभूसिंग १६६० मध्ये पन्हाळा-विशाळगडाच्या वाटेवर पडले. आणि शंभूसिंगांचा मुलगा म्हणजे सेनापती धनाजी जाधव. संताजी घोरपड्यांच्या जोडीनं औरंगजेबाच्या छावण्या हैराण करणारे धनाजी ते हेच. राजाराम महाराजांनी त्यांना ‘जयसिंगराव’ हा किताब दिला. लखुजींच्या मनसबीत आणि धनाजींच्या किताबात फरक आहे. मनसब ही बाजू राखण्याची किंमत होती, किताब रणांगणावर केलेल्या कामाचा होता.

मराठ्यांच्या राज्यात मेलेल्या शिपायाच्या मागच्यांचीही सोय लावलेली असे. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी काय केलं ते सभासदाच्या बखरीत आहे: जखमींना बक्षिसं, पडलेल्यांच्या मुलांचं चालवणं, मुलगा नसेल तर बायकोला निमं वेतन. कडी, घोडा, वस्त्रं हे मानाचे प्रकार होतेच. पण घर चालवणारा मान तो हा. ‘बालपरवेशी’ हा शब्द जुन्या कागदांत भेटतो तो याचसाठी.

जाधवांची तलवार नंतर नेहमी मराठ्यांच्याच बाजूनं राहिली असंही नाही. १७५७ च्या डिसेंबरात याच सिंदखेडला रामचंद्र जाधव हैदराबादच्या निजामाच्या वतीनं अडकून पडले होते आणि बाहेर वेढा घालून होते ते पेशव्यांचे लोक; विश्वासराव नावाला पुढे, हुकूम दत्ताजी शिंद्यांचा. निजामाचा भाऊ निजामअली सोडवायला आला, लढाई झाली, आणि जवळच्या साखरखेर्ड्याला तह होऊन नळदुर्ग आणि २५ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. साखरखेर्ड्यानं त्याआधी १७२४ मध्येही मोठी लढाई पाहिली होती. पहिल्या निजामानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला तिथं मारलं, गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं आणि दक्षिण आपली केली. हैदराबादच्या निजामीचा पाया एका अर्थानं या तालुक्यात घातला गेला. गावकरी मात्र आजही साखरखेर्डाच म्हणतात.

या जिल्ह्यातून शिपाई होऊन घर सोडणं आजही थांबलेलं नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलिस दलाचे ४० जवान गेले; त्यांत दोघं बुलढाण्याचे होते. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या बर्फात अग्निवीर अक्षय गवते गेला, बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा. मोहिमेच्या क्षेत्रात कर्तव्यावर प्राण गमावलेला तो पहिला अग्निवीर. तेव्हा देशभर चर्चा झाली ती त्याच्या घरच्यांना किती रक्कम मिळणार, पेन्शन आहे की नाही, याची. काहींना ती चर्चा त्या घटकेला हलकी वाटली. मला तरी वाटली नाही. सभासदानं निमं वेतन नोंदवून ठेवलं, तसाच हा हिशेब आहे, आणि तो विचारलाच पाहिजे.

पदक मिळो न मिळो, शिपायाचं प्रेत गावात येतं तेव्हा पंचक्रोशी लोटते. तांड्यावरचीही आणि शहरातलीही. अडचण असते ती पुढची. चौथरा उभा राहतो, चौकाला नाव लागतं, मग पाटीवरचा रंग उडतो. साडेतीनशेहून अधिक वर्षं टिकलेल्या समाधीची परिस्थिती या बाबतीत फार वेगळी नाही. तिथं आत कोण कोण आहे, कधी आणि कसे पडले, कुणाच्या बाजूनं लढले, हे चार ओळींत सांगणारी ठळक वंशावळ दारातच हवी. भातवडीसकट.

१२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजात राज्यभरातून लाखांनी माणसं येतात. त्या दिवशी राजवाड्यात शिरायलाच वेळ लागतो, समाधीचं तर नाव नको. शक्य असेल तर श्रावणात जा. पौर्णिमेच्या आगेमागे तलाव भरलेले असतात, बारवांत पाणी असतं आणि रस्त्यावर गर्दी नसते. राजवाड्यासमोर चहा घेऊन झाला की गाडीत न बसता समाधीचा रस्ता विचारा. गावात कुणीही सांगेल.