गाडीला घरीच रबराचा स्प्रे मारायचा? 'सालीसारखा निघतो' म्हणणारी रील काय सांगत नाहीत?

बोनेटच्या कोपऱ्याला नख लावायचं, ओढायचं आणि काळी मॅट साल एका दमात निघते. खाली मूळचा रंग जसाच्या तसा. अशी रील तुमच्याही फीडवर आली असतील. घरी स्प्रे करा, कंटाळा आला की सोलून टाका, असा त्यांचा दावा. तो खोटा नाही, पण त्याला अटी आहेत.

हे नेमकं असतं काय?

हा नेहमीचा ऑइल पेंट नाही, तर द्रावकात विरघळवलेलं रबर आहे. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतलं 'प्लास्टी डिप'. पक्कड, पाना अशा अवजारांच्या मुठी त्यात बुडवून रबरी पकड चढवायची, हा त्याचा मूळ उपयोग. नावातलं 'डिप' तिथलंच. पुढे ते स्प्रेच्या कॅनमध्ये आलं आणि लोकांनी आधी व्हील, मग अख्ख्या गाड्या रंगवल्या.

मग ते सोलून कसं निघतं?

स्प्रे केल्यावर द्रावक उडून जातं आणि रबराचा पापुद्रा उरतो. तो मूळ रंगाशी एकजीव होत नाही, नुसता चिकटून बसतो. शाळेत हातावर फेव्हिकॉल सुकवून सोललंय ना? थर जाड असेल तर अख्खी साल निघायची, पातळ असेल तर तुकडेच हातात यायचे. इथेही तेच.

म्हणून पैसे वाचवायला दोन हातांवर थांबलात, तर काढताना नखाएवढे तुकडे खरवडत बसावं लागतं. निदान पाच-सहा हात हवेत.

- गाडी धुऊन पूर्ण सुकवा. वॅक्स किंवा तेलाचा अंश नको.
- पहिला हात इतका हलका की खालचा रंग दिसला पाहिजे. पुढचे हात भरीव, पण ओघळ येऊ देऊ नका.
- दोन हातांमध्ये साधारण २० ते ३० मिनिटं थांबा.
- मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा. सुकल्यावर ओढली तर रबरही सोबत येतं.

काच, दिवे, नंबर प्लेट आणि ब्रेक डिस्क झाकून ठेवा. पेट्रोल सांडलं तर हे रबर विरघळतं, त्यामुळे टाकीच्या झाकणापाशी जपा. आणि गाडीचं आधी हलक्या दर्जाचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल, तर सोलताना तो रंगही उचकटू शकतो.

खरा धोका कुठे आहे?

वासात. यातली द्रावकं झटकन पेट घेतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणजे बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग किंवा शटर ओढलेलं गॅरेज ही सगळ्यात वाईट जागा. तिथे सिगारेटच काय, स्विचची ठिणगीही पुरेशी आहे.

कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क इथे कामाचा नाही. तो कण अडवतो, वाफ नाही. रंगकामासाठीचा, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा. उघड्यावर, सावलीत, वारा कमी असताना काम करा. डोकं जड झालं किंवा गरगरलं तर कॅन खाली ठेवून लगेच लांब जा.

आरटीओ काय म्हणतं?

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि आरसीशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाही. 'सोलून निघतो' हा बचाव नाही. अख्खी गाडी रंगवायची असेल तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा. ऑलिव्ह ग्रीनचा तर विचारही नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.

मग करावं का?

हौस असेल तर लोगो किंवा व्हील कॅपपासून सुरुवात करा. एका कॅनमध्ये काम होतं. महिन्याभराने ते सोलून बघा. अख्खी साल निघाली, तर हात बसला समजा. तुकडे पडले, तर बोनेटला अजून हात लावू नका.